रबिंग-पॉलिशनंतरही परत येणारे बारीक चरे आणि पक्ष्यांच्या विष्ठेचे डाग: आधी कारण शोधा, मग घासा

तक्रार बहुतेक वेळा अशी असते. दसऱ्याच्या आठवड्यात गाडीला रबिंग-पॉलिश करून घेतले, पूजेच्या दिवशी ती नवीकोरी दिसली, आणि होळी येईपर्यंत बॉनेटवर उन्हात तीच बारीक गोलाकार जाळी पुन्हा उमटली. छतावरचे आणि डिकीच्या पत्र्यावरचे विष्ठेचे खडबडीत ठसे तर पॉलिशनंतरही पूर्ण गेले नव्हते, ते आता अधिकच उठून दिसतात. मालक पुन्हा त्याच दुकानात जातो, पुन्हा पैसे मोजतो आणि वर्षभराने पुन्हा तिथेच येतो. ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगत किंवा नवी मुंबईत वाशी-नेरूळच्या झाडांनी भरलेल्या जुन्या सेक्टरांत उघड्यावर गाडी लावणाऱ्यांपैकी फार थोडे या फेऱ्यातून सुटतात.

हा फेरा थांबवायचा असेल तर पॉलिशचा विचार सर्वांत शेवटी करावा लागतो. पॉलिश म्हणजे रंगावर काहीतरी चढवणे, असा समज सार्वत्रिक आहे. प्रत्यक्षात पॉलिश म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर घासून थोडा कमी करणे. तो थर पुन्हा वाढत नाही. म्हणून चरा कुठवर गेला आहे आणि तो पडतो कशामुळे, हे ठरवल्याशिवाय मशीन हातात घेणे नुकसानीचेच आहे.

चरे परत आले की गेलेच नव्हते

पॉलिशनंतर चरे किती काळाने दिसू लागले, हा पहिला प्रश्न. दोन-तीन वेळा गाडी धुतल्यावरच ते दिसू लागले असतील, तर ते परत आलेले नाहीत, कारण मुळात ते गेलेलेच नव्हते. बाजारातल्या अनेक स्वस्त पॉलिशमध्ये तेल, मेण आणि चऱ्यांच्या खाचा भरून काढणारी द्रव्ये असतात. खाच भरली की प्रकाश विखुरत नाही आणि चरा दिसेनासा होतो. पुढे शाम्पूने तेल निघून गेले की तोच चरा जागच्या जागी हजर होतो. गाडी ताब्यात घेताना याची परीक्षा करता येते. एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि दोन-तीन भाग पाणी यांचे मिश्रण मऊ मायक्रोफायबर कापडावर घेऊन बॉनेटचा वीतभर भाग पुसावा आणि मोबाइलच्या टॉर्चच्या उजेडात तिरके पाहावे. तेवढ्याच भागात जाळी दिसू लागली, तर दुकानदाराने चरे काढलेले नसून झाकलेले आहेत. काही दुकानदारांना ही परीक्षा आवडत नाही, आणि त्यावरून काम कसे झाले असेल याचा अंदाज येतोच.

चरे दोन-चार महिन्यांनी हळूहळू दिसू लागले असतील, तर ते नवे चरे आहेत आणि त्यांचे कारण रोजच्या पुसण्यात आहे. तिसरा प्रकार थोडा वेगळा: ज्या दिवशी पॉलिश झाले त्याच दिवशी उन्हात मान हलवली की पत्र्यावर धूसर पट्टे सरकताना दिसतात. हे लोकरी पॅड लावलेल्या, एकाच अक्षावर जोरात फिरणाऱ्या बफर मशीनचे ठसे असतात. खडबडीत कंपाउंडने (जाड कणांच्या, अधिक घासणाऱ्या पॉलिशने) काम करून त्यानंतर बारीक पॉलिशचा हात दिला नाही की ते राहतात, आणि तो हात दिल्यास जातातही.

हाताशी किती जाडी आहे

कारखान्यातून निघालेल्या आजच्या बहुतेक गाड्यांवर पत्र्यापासून वर जाताना गंजरोधक थर, प्रायमर, प्रत्यक्ष रंगाचा बेस कोट आणि त्यावर क्लिअर कोट, म्हणजे वर सांगितलेला पारदर्शक थर, असे थर असतात. सगळ्यांची मिळून जाडी साधारण १०० ते १३० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरते आणि त्यांतला क्लिअर कोट ४० ते ५० मायक्रॉनांच्या आसपास असतो. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, हे लक्षात घेतले की आपण केसाहूनही पातळ थरावर प्रयोग करत आहोत हे कळते. शिवाय तो सगळा थर घासायला मोकळा नसतो. उन्हातील अतिनील किरण थोपवणारी द्रव्ये त्याच थरात असतात आणि तो फार पातळ झाला की रंग विटतो, पापुद्रे सुटू लागतात. गाडीच्या संपूर्ण आयुष्यात आठ-दहा मायक्रॉनांपलीकडे जाऊ नये, हा सावध हिशेब. बारीक पॉलिशचा हात साधारण एखादा मायक्रॉन नेतो. कंपाउंडचा हात त्याच्या दुप्पट-तिप्पट नेऊ शकतो. दर वर्षी कंपाउंड मारून घेणारा मालक चार-पाच वर्षांत कुठे पोहोचेल, हे यावरून काढता येईल.

काही साध्या पांढऱ्या रंगाच्या गाड्यांत स्वतंत्र क्लिअर कोट नसतो. ओळखण्यासाठी दाराच्या खालच्या, सहसा न दिसणाऱ्या भागावर थोडे पॉलिश घासून पाहावे. कापडावर गाडीचा रंग उतरला तर वर पारदर्शक थर नाही. पांढऱ्या गाडीसाठी मात्र ही परीक्षा काळ्या किंवा निळ्या कापडाने करावी, कारण पांढऱ्या कापडावर पांढरा रंग दिसणार नाही.

चऱ्याची खोली ओळखणे

चऱ्यावर पाणी शिंपडावे. ओला असताना तो नाहीसा झाला आणि वाळल्यावर पुन्हा दिसला, तर तो क्लिअर कोटमध्येच आहे आणि पॉलिशने जाण्याची शक्यता चांगली आहे. त्यानंतर नख चऱ्याला आडवे, अगदी हलके फिरवावे. नख अडकत नसेल तर काम सोपे. किंचित जाणवत असेल तर चरा पूर्ण जाणार नाही, मात्र त्याच्या कडा गोलसर होऊन तो कमी दिसेल. नख स्पष्ट अडकत असेल तर पॉलिशचा नाद सोडावा. चऱ्याच्या तळाशी राखाडी किंवा पांढरट रेघ दिसली तर प्रायमर उघडा पडला आहे. चकाकणारा पत्रा दिसत असेल तर आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत गंज धरायला वेळ लागत नाही, त्यामुळे तिथे पावसाळ्याच्या आत टचिंग करणे, म्हणजे तेवढ्याच जागी रंग भरणे, हाच मार्ग.

पुष्कळदा चरा वाटतो तो चरा नसतोच. सोसायटीच्या पार्किंगमधल्या खांबांना पिवळे-काळे पट्टे रंगवलेले असतात आणि वळणावर बंपरचा कोपरा खांबाला घासला की खांबाचा पिवळा तैलरंग बंपरवर बसतो. पाहणाऱ्याला वाटते की बंपर सोलला. थोडे टर्पेंटाइन किंवा पेट्रोल कापडाच्या टोकाला घेऊन हलक्या हाताने तेवढीच जागा पुसली आणि लगेच शाम्पूच्या पाण्याने धुतली, तर पिवळा रंग निघून येतो आणि खाली बहुधा दोन-तीन किरकोळ ओरखडेच निघतात. हे काम गाडी गार असताना आणि आसपास विडी-सिगारेट नसताना करावे. कळवा कारशेडच्या बाजूला किंवा रुळांलगत उभ्या राहणाऱ्या पांढऱ्या गाड्यांवर जे तांबूस ठिपके दिसतात, तेही गाडीच्या पत्र्याचा गंज नसून रेल्वेच्या चाकांतून आणि रुळांतून उडालेले लोखंडाचे बारीक कण असतात. लोखंडी कण विरघळवणारे फवारे मिळतात. फवारल्यावर ते जांभळे पडतात आणि धुतल्यावर ठिपके जातात. त्यावर पॉलिशचे मशीन फिरवले तर तेच कण पॅडमध्ये अडकून नवे चरे पाडतात.

जाळी पडते ती कापडाने

उन्हात दिसणाऱ्या गोलाकार जाळीचे मूळ जवळजवळ नेहमी पुसण्यात असते. घोडबंदर रस्त्यावर मेट्रो ४ चे काम सुरू झाल्यापासून आणि दोन्ही शहरांत इमारतींची कामे चालूच असल्यामुळे गाडीवर बसणाऱ्या धुळीत वाळूचे, खडीचे आणि सिमेंटचे कण असतात. ते क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण असतात. सकाळी सहा वाजता गाडी पुसणारा येतो, त्याच्याकडे एक बादली, एक कापड आणि पुसायच्या पंधरा-वीस गाड्या असतात. पहिल्या दोन गाड्यांनंतर बादलीतले पाणी करडे होते आणि पुढच्या सगळ्या गाड्यांवर त्याच पाण्यातली वाळू फिरते. कित्येक ठिकाणी पाण्याचाही पत्ता नसतो. कोरडा कपडा मारून गाडी चमकवली जाते. मालकांना वाटते की रोज कपडा मारला जातो म्हणजे गाडी चांगली राखली जाते. माझे मत नेमके उलटे आहे. आठवडाभर धुळीत उभी असलेली गाडी रोज कोरड्या फडक्याने पुसलेल्या गाडीपेक्षा सुस्थितीत असते.

यात पुसणाऱ्याला बोल लावण्यात अर्थ नाही. महिन्याच्या ठरावीक पैशांत आणि टँकरवर चालणाऱ्या सोसायटीत त्याला दर गाडीमागे स्वच्छ बादली कोण देणार? “काका, रोज कोरडं फडकं मारू नका, आठवड्यातून दोनदाच पुसा, पण पाणी टाकून पुसा,” एवढे सांगितले आणि दोन जाड मायक्रोफायबर कापडे आपल्याच गाडीसाठी त्यांच्या हवाली केली, तर अर्धा प्रश्न सुटतो. काच आणि आरसे तेवढे रोज पुसायला सांगावेत, म्हणजे सकाळी कामावर निघणाऱ्याची अडचण होत नाही.

घरी स्वतः गाडी धुणाऱ्याने दोन बादल्या घ्याव्यात, एकीत शाम्पू आणि दुसरीत साधे पाणी. आधी गाडीवर वरून खाली मगाने पाणी सोडून सुटी धूळ वाहू द्यावी, मग छतापासून सुरुवात करून एकेक भाग शाम्पूने धुवावा आणि कापड पुन्हा शाम्पूत बुडवण्याआधी दुसऱ्या बादलीत खळबळून घ्यावे. दारांचा खालचा भाग आणि चाकांभोवतालचा पत्रा सर्वांत शेवटी आणि वेगळ्या कापडाने. भांड्यांचा साबण किंवा कपड्यांची पावडर वापरू नये, कारण त्याने मेणाचा थर उतरतो. जुनी गंजी, लुंगी, साडीचा तुकडा ही आपली परंपरागत फडकी मऊ वाटतात, पण त्यांच्या शिवणीत धूळ अडकते आणि ती धुऊनही जात नाही. मायक्रोफायबर कापडे इतर कपड्यांबरोबर मशीनमध्ये टाकू नयेत आणि त्यांना कपडे मऊ करणारे द्रव्य लावू नये.

कव्हर हा आणखी एक गैरसमज. धुळीने भरलेल्या गाडीवर कव्हर चढवले की खाडीकडून येणाऱ्या वाऱ्यात ते दिवसभर हलते आणि आतली धूळ पत्र्यावर घासत राहते. स्वच्छ धुतलेल्या आणि कोरड्या गाडीवरच कव्हर घालावे. रोज वापरात असलेल्या गाडीला ते न घातलेले बरे. दसऱ्याचा झेंडूचा हार बॉनेटवर बांधून दोन-तीन दिवस गाडी चालवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. हाराचा दोरा आणि त्याची गाठ वाऱ्याने हलून एकाच जागी पत्र्याला घासते, त्यामुळे तेथे आडवे, समांतर चरे दिसतात. हार पूजेनंतर उतरवून ठेवावा, आणि ओल्या कुंकवाने काढलेले स्वस्तिक, विशेषतः पांढऱ्या गाडीवरचे, संध्याकाळपर्यंत पुसून घ्यावे.

विष्ठेचा डाग: वेळेचा आणि उन्हाचा प्रश्न

पक्ष्याच्या विष्ठेतला पांढरा भाग म्हणजे मुख्यतः यूरिक आम्ल. ते पाण्यात फार कमी विरघळते, म्हणूनच वाळलेल्या डागावर नुसते पाणी ओतून तो निघत नाही. रंग बिघडतो तो एकट्या आम्लामुळे नाही, त्यात उन्हाचा वाटा मोठा असतो. एप्रिल-मे महिन्यांत आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये उघड्यावर उभ्या असलेल्या गडद रंगाच्या गाडीचा पत्रा ६०-७० अंश सेल्सियसपर्यंत सहज तापतो. क्लिअर कोट तेवढ्या उष्णतेत मऊ होऊन प्रसरण पावतो, त्याच वेळी विष्ठा वाळून कडक होते, आणि संध्याकाळी पत्रा गार होताना क्लिअर कोट त्या कडक झालेल्या, ओबडधोबड पापुद्र्याच्या आकारातच आवळला जातो. घाण निघाल्यावरही तेथे प्रकाश वेडावाकडा परततो आणि आपल्याला निस्तेज ठसा दिसतो. त्यामुळेच जानेवारीत दोन दिवस राहिलेला डाग कधीकधी काहीच खूण न ठेवता जातो आणि मे महिन्यात सकाळी पडलेला डाग संध्याकाळपर्यंत कायमचा बसतो. काळी, गडद निळी आणि तांबडी गाडी पांढऱ्यापेक्षा आधी बिघडते, याचेही कारण हेच.

कुठे लावता यावरही पुष्कळ अवलंबून आहे. वाशी-नेरूळच्या आणि ठाण्यातल्या जुन्या रस्त्यांवरचे पर्जन्यवृक्ष सावली छान देतात, पण त्यांच्या फांद्यांवर रात्री कावळ्यांची वसती असते. शिवाय त्या झाडांवर पिठ्या ढेकूण पडला की त्याचा चिकट गोड स्राव गाडीवर बारीक थेंबांनी सांडतो. वड, उंबर आणि जांभूळ यांच्या खाली फळांच्या दिवसांत रात्री वटवाघळे येतात आणि त्यांची विष्ठा जांभळट, लालसर असते. खाडीकाठच्या वसाहतींत मोठ्या झाडांवर बगळे आणि ढोकऱ्या घरटी करतात; त्यांच्या खाली गाडी लावणाऱ्याची सहानुभूतीने विचारपूस करावी, इतकेच. ठाणे खाडीतले फ्लेमिंगो मात्र या बाबतीत निर्दोष आहेत. कबुतरांचा प्रश्न झाडांपेक्षा इमारतींचा: एसीच्या बाहेरच्या यंत्राखाली, पाइपांच्या आडव्या जाळ्याखाली आणि सज्जाखाली ठरलेल्या जागी ती बसतात, आणि गाडी दोन हात पुढे-मागे लावली तरी फरक पडतो. छतावर एकाच जागी वारंवार डाग पडत असतील तर आधी मान वर करून पाहावे.

डाग दिसताच काय करावे, हे नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण पुष्कळ चरे याच घाईत पडतात. कबुतरांसारखे दाणे टिपणारे पक्षी पचनासाठी बारीक खडे गिळतात आणि त्यांतले काही विष्ठेतून बाहेर येतात. वाळलेली विष्ठा टिश्यू पेपरने किंवा गाडीतल्या पिवळ्या फडक्याने खरडणे म्हणजे तेच खडे रंगावर घासणे. गाडीत पाण्याची एक बाटली, टिश्यूची पुडी आणि एक जुने पण स्वच्छ मायक्रोफायबर कापड कायम ठेवावे. शक्य तर गाडी सावलीत घ्यावी. टिश्यूचे तीन-चार पदर डागावर ठेवून त्यांवर पाणी सोडावे, ते पूर्ण भिजले की पाच-दहा मिनिटे तसेच राहू द्यावे, आणि उन्हाने वाळू लागले तर आणखी पाणी द्यावे. पांढरा पापुद्रा मऊ होऊन कडेपासून सुटू लागला, की टिश्यू चिमटीत धरून सरळ वर उचलावा. दाबून पुढे ओढू नये. जो चिकट अंश उरतो त्यावर दुसरा ओला टिश्यू ठेवून हीच क्रिया करावी, आणि शेवटी कापडाच्या ओल्या, स्वच्छ बाजूने एकाच दिशेने एकदा फिरवावे. ही तसदी फार वाटेल, परंतु नंतर त्याच जागेवर कंपाउंड घासण्यापेक्षा ती केव्हाही स्वस्त पडते.

डाग निघाल्यावर उरलेली खूण तीन प्रकारची असू शकते. पिवळट किंवा जांभळट छटा दिसते पण बोटाला पृष्ठभाग गुळगुळीत लागतो, तेव्हा तो वनस्पतिज रंग असतो आणि दोन-तीन धुण्यांत व उन्हाने बहुधा फिका होऊन जातो. बोटाला किंचित उंचवटा किंवा खोलगट कडा जाणवते आणि तिरक्या उजेडात निस्तेज वर्तुळ दिसते, तेव्हा क्लिअर कोटचा आकार बिघडलेला असतो. तो ताजा, एक-दोन दिवसांचा असेल तर आधी उष्णतेचा प्रयोग करावा. स्वच्छ धुतलेल्या पत्र्यावर केस वाळवण्याचा ड्रायर अर्ध्या फुटावरून सतत हलता ठेवून, हात जेमतेम टेकवता येईल इतपत पत्रा तापवावा आणि आपोआप गार होऊ द्यावा. फुगलेला थर काही वेळा पुष्कळसा पूर्ववत बसतो आणि त्यात एकही मायक्रॉन खर्ची पडत नाही. गेला नाही तर पुढे सांगितलेले पॉलिश करावे. तिसरी खूण म्हणजे डागाच्या मध्यभागी दिसणाऱ्या सुरकुत्या किंवा बारीक भेगा. तेथे क्लिअर कोट तडकलेला आहे आणि कोणतेही पॉलिश, मेण वा कोटिंग तो सांधू शकत नाही. तो भाग रंगवून घेणे किंवा खूण स्वीकारणे, एवढेच हाती राहते. छतावरची, सहज न दिसणारी खूण असेल तर मी दुसऱ्या पर्यायाच्या बाजूचा आहे.

टँकरच्या किंवा बोअरच्या जड पाण्याचे पांढरे गोल ठसे विष्ठेच्या डागांसारखे दिसतात, पण ते आकाराने सारखे, लहान आणि पुष्कळ असतात. निम्मे पाणी घातलेल्या पांढऱ्या व्हिनेगरने गार पत्र्यावर पुसून लगेच धुतले की ताजे ठसे निघतात.

पॉलिश करायचेच ठरले तर

पत्रा गार असावा आणि गाडी धुऊन कोरडी झालेली असावी. स्वच्छ पत्र्यावर पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घालून हात फिरवला असता खरखर लागली, तर आधी शाम्पूच्या पाण्यात भिजवलेला क्ले बार (रंगावर चिकटलेले कण ओढून घेणारी मऊ, मातीसारखी वडी) फिरवावा. पाण्याशिवाय तो कधीच फिरवू नये, आणि जमिनीवर पडला तर सरळ फेकून द्यावा. त्यानंतर वीतभर जागेवर सर्वांत सौम्य पॉलिश आणि सर्वांत मऊ फोमचे पॅड घेऊन प्रयोग करावा. त्याने भागले नाही तरच पॅड बदलावे, आणि त्यानेही नाही तरच कंपाउंड घ्यावे. आपल्याकडे क्रम नेमका उलटा चालतो. दुकानात पहिला हात कंपाउंडचाच असतो.

एखाद्या डागासाठी किंवा दाराच्या मुठीमागे नखांनी पडलेल्या चऱ्यांसाठी हाताने काम भागते. फोमच्या लहान पॅडवर वाटाण्याएवढे पॉलिश घेऊन मध्यम दाबाने मिनिट-दोन मिनिटे घासावे, पुसावे, अल्कोहोलच्या मिश्रणाने तेल काढून पाहावे. संपूर्ण बॉनेट करायचे असेल तर दुहेरी हालचालीचे मशीन घ्यावे, ज्यात पॅड गोलही फिरते आणि झुलतेही. त्याने एका जागी उष्णता साठत नाही आणि नवख्याच्या हातून रंग जळण्याचा धोका बराच कमी होतो. एका वेळी दोन फूट लांब आणि दोन फूट रुंद एवढाच भाग घ्यावा, मशीन सावकाश आधी आडवे आणि मग उभे फिरवावे, आणि चार ते सहा फेऱ्यांनंतर थांबून तपासावे. पत्र्याच्या कडांवर आणि उठावाच्या रेषांवर रंग मुळातच पातळ असतो, म्हणून तेथे आधी मास्किंग टेप लावावी. वॉटर पेपरने (पाणी लावून घासायच्या बारीक सँडपेपरने) चरे काढण्याचे काम मात्र घरी करू नये.

टूथपेस्टबद्दल प्रत्येक जण विचारतो. तिच्यात घासणारे कण असतात, त्यामुळे हलका चरा कमी झाल्यासारखा दिसतो हे खरे. पण ते कण दातांसाठी बनवलेले असतात आणि गडद गाडीवर त्यांचा धुरकट पट्टा राहतो. खोबरेल तेल किंवा तत्सम तेलकट फवारा चरा केवळ ओला ठेवून लपवतो. डिझेलच्या फडक्याने गाडी पुसल्यावर जी झळाळी दिसते ती दुपारपर्यंतची असते, आणि त्या तेलकटपणावर घोडबंदरची धूळ दुप्पट बसते.

नंतरचे संरक्षण

पॉलिशनंतर क्लिअर कोटवर मेणाचे संरक्षण उरत नाही, त्यामुळे त्याच दिवशी मेण किंवा सीलंट (मेणासारखेच काम करणारे कृत्रिम द्रव्य) लावावे. आपल्या हवेत मेण दोन-तीन महिने टिकते, सीलंट त्याहून थोडे अधिक. डागाला रंगापर्यंत पोहोचायला यामुळे थोडा अधिक वेळ लागतो, एवढाच त्याचा उपयोग, पण तो वेळ मोलाचा आहे. गाडी विकताना गळ्यात मारले जाणारे टेफ्लॉन कोटिंग याच जातीचे असते आणि त्याची किंमत मात्र वेगळ्या जातीची. सिरॅमिक कोटिंग अधिक टिकते आणि धूळ सहज धुऊन जाते, परंतु जाहिरातीतला ‘९एच’ हा आकडा कमी-अधिक कठीण शिशाच्या पेन्सिलींनी ओरखडून पाहण्याच्या चाचणीतला आहे. त्यावरून चरा पडणारच नाही असे मानू नये, आणि मे महिन्यात दिवसभर राहिलेली विष्ठा त्याच्यावरही ठसा उमटवते. खऱ्या अर्थाने चरे झेलते ती पारदर्शक संरक्षक फिल्म, जी साधारण १५० ते २०० मायक्रॉन जाड असते; ती संपूर्ण गाडीला लावण्याचा खर्च मोठा आहे, पण नुसत्या बॉनेटला आणि दारांच्या मुठीमागच्या खळग्यांना ती लावणे अनेकांना परवडू शकते.

नख अडकणारे चरे

येथे टचिंग पेन उपयोगी पडते. रंगाचा कोड चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखाली असलेल्या पट्टीवर सापडतो. नुसते ‘सिल्व्हर’ सांगून आणलेला रंग जुळत नाही. चरा अल्कोहोलने साफ करून, पेनच्या जाड कुंचल्याऐवजी टूथपिकच्या टोकाने रंगाचे पातळ थर खाचेतच भरावेत आणि प्रत्येक थर वाळू द्यावा. चरा दिसतच राहील, पण गंज थांबेल.

संपूर्ण पॅनेल रंगवून घेतले तर पहिले एक-दोन महिने त्यावर मेण लावू नये आणि गाडी झाडाखाली उभी करू नये, कारण ताजा रंग पूर्ण कडक झालेला नसतो आणि विष्ठेने सर्वांत लवकर बिघडतो. विम्याचा दावा करण्याआधी हिशेब मांडावा. १,५०० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला प्रत्येक दाव्यात १,००० रुपये आणि त्याहून मोठ्या इंजिनाला २,००० रुपये स्वतःला भरावे लागतात, आणि त्याखेरीज नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जातो, जो पहिल्या विनादावा वर्षानंतर २० टक्के असतो आणि सलग पाच वर्षांनी ५० टक्क्यांवर पोहोचतो. बोनस ५० टक्क्यांवर असलेल्या मालकाला एका दाराच्या रंगकामासाठी दावा करणे सहसा परवडत नाही. दोन-तीन पॅनेलची कामे साठली असतील तर ती एकत्र करून घेण्याचा विचार करावा, मात्र प्रत्येक अपघाताचा दावा वेगळा धरला जातो, हे आधी विमा कंपनीच्या सर्व्हेअरशी बोलून घ्यावे.